सराट्याचा नियम

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला कल्पित साहसांचा खेळ. त्याच्या २०१४च्या नियमावलीत साधा माणूस सहा सेकंदांच्या फेरीत ३० फूट चालतो. दगडगोटे, झुडपे, दलदल आली की प्रत्येक फुटाला दोन मोजायचे. ३० चे १५ होतात. तिन्ही अडथळे एकाच जागी असले तरी दंड एकदाच! कोकणातून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट पाहिलेल्या माझ्यासारख्या अकोलेकराला हा फारच उदारपणा वाटतो.

पण अवघड जमीन वेगळी आणि घातक जमीन वेगळी. एका मंत्राने भुईतून काटे उगवतात. तिथे दर पाच फुटांना इजा होते, कितीही जपून चाला. लोखंडी गोखरूंचे मात्र तसे नाही. त्यांवरून धावणाऱ्याला फासा टाकावा लागतो, आणि तो चुकला तर पाय जागीच अडकतो. निम्म्या वेगाने जाणाऱ्याला फासाच नाही. इथे संथपणा हा दंड नसून उपाय आहे. मला हा सगळ्यात खरा नियम वाटतो. पडीक रानातला सराटा, म्हणजेच गोखरू, कसाही पडला तरी एक काटा वर राखतो. अनवाणी माणूस तिथे आपसूक पाऊल आवरतो. लॅटिनमध्येही त्या शस्त्राला आणि या वनस्पतीला 'ट्रिब्युलस' हे एकच नाव.

आमच्या घरच्या खेळात नळीच्या वाटेला मी हाच नियम लावला आहे: सावकाश चढलात तर फासा नाही, घाई केलीत तर दर दगडाला एक. पोरे आता आधी पावसाची चौकशी करतात.