तुर्तुक
तुर्तुक : लडाख केंद्रशासित प्रदेशातील बाल्टी लोकांचे सीमावर्ती गाव. ते नुब्रा खोऱ्यात श्योक नदीकाठी, सस. पासून सु. २,९०० मी. उंचीवर असून लेहहून खारदुंग ला खिंडीमार्गे सु. २०० किमी. आहे. यूल व फारोल या त्याच्या वस्त्यांमधून एक ओढा वाहतो. येथील बाल्टी मुस्लिम असून त्यांत नूरबख्शी सूफी पंथाचे अनुयायी पुष्कळ आहेत. बौद्धबहुल नुब्रात ते धर्माने अल्पसंख्य असले, तरी त्यांची बाल्टी भाषा लडाखीप्रमाणेच तिबेटी गटातील आहे.

१९४८ च्या युद्धानंतर बाल्टिस्तानसह हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात राहिले. डिसेंबर १९७१ मध्ये चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय तुकड्यांनी चालुंका, तुर्तुक, त्याक्षी व थांग ही गावे घेतली. १९७२ च्या सिमला करारानंतर आखलेल्या नियंत्रण रेषेने ती भारताकडेच राहिली. ग्रामस्थ जागचे हलले नाहीत. त्यांचे राष्ट्र मात्र बदलले. शिक्षणासाठी वा मजुरीसाठी स्कार्डू, लाहोर, कराचीकडे गेलेले पुरुष पलीकडेच अडकले आणि काही घरांत पती एका देशात, तर पत्नी दुसऱ्या देशात अशी स्थिती झाली.

उंची तुलनेने कमी असल्याने येथे जवाच्या कापणीनंतर त्याच शेतात कुट्टूचे दुसरे पीक निघते. जर्दाळू हे मुख्य फळ. ते वाळवतात व बियांतील गराचे तेल काढतात. लोणी, मांस इ. टिकविण्यासाठी दगडी शीतकोठ्या (नांगचुंग) असतात. दगडांच्या फटींतून येणाऱ्या थंड हवेमुळे त्या उन्हाळ्यातही गार राहतात.

सैन्य हे येथील जीवनाचे नित्य अंग आहे. १९८४ पासून सियाचीन हिमनदीवर सैन्य तैनात झाल्यावर हमाली व रस्तेबांधणी हे रोजगाराचे प्रमुख मार्ग बनले. शेतीतून रोख पैसा थोडाच मिळत असल्याने हे अवलंबित्व स्वाभाविकच होते. परंतु ज्यांच्या चौक्यांना रसद पोहोचवावयाची, त्यांच्यासमोर आपली निष्ठाही सिद्ध करावयाची, असा दुहेरी भार त्यामुळे लोकांवर आला. १९९९ च्या कारगिल संघर्षात तुर्तुक क्षेत्रातही लढाई झाली. त्यानंतर सैन्याने ‘सद्भावना’ योजनेखाली शिक्षण व आरोग्याची कामे हाती घेतली. २०१० मध्ये गाव पर्यटकांस खुले झाल्यावर निवासगृहे निघाली व उत्पन्नास नवे साधन मिळाले.

थांग येथून पलीकडचे फरनू गाव दिसते. आप्तांना भेटण्यासाठी मात्र व्हिसा मिळवून पंजाबात उतरावे, अटारी-वाघा सीमा ओलांडावी व पुन्हा उत्तरेस चढावे लागे. एप्रिल २०२५ मध्ये भारताने अटारी येथील तपासणी नाके बंद केले.