काळं म्हणजे काळंच

शेतातल्या मोटारीचा ऑटो स्विच उघडला की आत तांब्याच्या बारीक रेषांची पाटी दिसते. तिला पीसीबी म्हणतात. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई-परळीकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना प्रोजेक्टसाठी अशी एखादीच पाटी लागते आणि ती घरी करता येते. माझ्या मते त्यातलं खरं कसब ॲसिडच्या ट्रेमध्ये नाही, त्याआधीच्या फिल्ममध्ये आहे.

तांब्यावर प्रकाशाने घट्ट होणारा निळसर पापुद्रा चिकटवतात. त्यावर रेषांचा नकाशा छापलेली पारदर्शक फिल्म ठेवून अतिनील प्रकाश देतात. प्रकाश लागला तो भाग टिकतो, झाकलेला भाग धुण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात निघून जातो. उघडं पडलेलं तांबं मग फेरिक क्लोराइड खातं. म्हणजे इथे रेषा पारदर्शक आणि बाकी सगळी फिल्म काळी हवी.

गाडी अडते ती याच काळ्यावर. कागदावर गडद दिसणारी छपाई फिल्मवर घेऊन ट्यूबलाइटसमोर धरा, सुईच्या टोकाएवढी भोकं चमकतात. प्रत्येक भोकाखाली तांब्याचा ठिपका उरतो. दोन रेषांमध्ये फक्त पाव मिलिमीटर अंतर असेल, तर तो ठिपका त्यांना जोडून शॉर्ट करू शकतो. म्हणून लेझर प्रिंटरची टोनर डेन्सिटी पूर्ण वाढवायची, टोनर सेव्हिंग बंद ठेवायचं. एकाच नकाशाच्या दोन फिल्म एकावर एक जुळवल्या की एकीची भोकं दुसरी झाकते. पण प्रिंटरच्या उष्णतेने फिल्म किंचित ताणली किंवा आकसली जाते, त्यामुळे मोठ्या पाटीच्या कोपऱ्यात रेषा सरकतात. फिल्मही लेझरसाठी बनवलेलीच घ्यावी, साधं प्लास्टिक आत वितळून चिकटतं.

छापलेली बाजू तांब्याला टेकलीच पाहिजे, म्हणून नकाशा आरशातल्यासारखा उलटा छापतात. शाई वरच्या बाजूला राहिली तर फिल्मच्या जाडीतून प्रकाश आडवा शिरतो आणि रेषांच्या कडा फुगतात. वरून काच दाबून बसवायची तीही याचसाठी.

छापील सर्किटची कल्पना छपाईच्याच धंद्यातून आली. व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयस्लर यांनी छपाईत काम केलं होतं; १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांनी छापील सर्किटचा रेडिओ केला. लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटरही अशाच काळ्या छपाईच्या फिल्मवरून जाळी तयार करतात, तेव्हा फिल्मची गोष्ट त्यांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मराठवाड्याचं एप्रिलचं ऊनही दिवा म्हणून चालतं. मात्र ते दर तासाला बदलतं, म्हणून आधी एका तुकड्यावर थोडा थोडा भाग उघडत वेळ ठरवून घ्यावा. फिल्ममध्ये उरलेलं एखादं भोक काळ्या मार्करने बुजवलं की त्याच फिल्मवर पुढच्या पाट्याही निघतात.