डिस्ने वर्ल्डची सहल: एवढे पैसे मोजावेत का?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराजवळ डिस्ने वर्ल्ड आहे. तिथल्या चार थीम पार्कपैकी सर्वांत गर्दीचं पार्क म्हणजे मॅजिक किंगडम. २०२६ च्या नाताळातल्या काही दिवसांसाठी या पार्कचं एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट २०९ डॉलर ठेवण्यात आलं आहे. कर वेगळा. डॉलरचा भाव ८८ रुपये धरला तर हे १८ हजार रुपयांच्या वर जातं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी हेच पार्क उघडलं, तेव्हा मोठ्या माणसाला आत जायला साडेतीन डॉलर लागत.

अर्थात, १९७१ मधल्या साडेतीन डॉलरशी आजच्या भावाची थेट तुलना करणं बरोबर नाही. एक तर मधल्या काळातली महागाई धरली तर ते आजचे सुमारे २८ डॉलर होतात. दुसरं म्हणजे त्या साडेतीन डॉलरांत फक्त फाटकातून आत जाता येई. राइडसाठी वेगळी कुपनं लागत. अ, ब, क, ड, इ अशी त्यांची प्रतवारी असे आणि ‘इ’ कुपन सर्वांत भारी राइडचं. प्रवेशासह ११ राइडचं कुपनांचं पुस्तक पावणेसहा डॉलरना मिळे, म्हणजे आजच्या हिशेबाने ४५ डॉलरच्या आसपास.

१९८२ मध्ये कुपनं बंद झाली. १५ डॉलर द्या आणि दिवसभर हव्या तेवढ्या राइडवर बसा, अशी पद्धत आली. तेही आजचे सुमारे ५० डॉलरच. म्हणजे महागाई वजा केल्यावरही डिस्ने वर्ल्डचं तिकीट तेव्हाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत महाग झालं आहे. आज सर्वांत स्वस्त दिवशी, सर्वांत स्वस्त पार्कसाठी ११९ डॉलर मोजावे लागतात.

पण तिकिटाचा आकडा हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. त्या तिकिटात काय मिळतं, हे मधल्या काळात जास्त बदललं.

रांग आधी फुकट होती, मग विकायला निघाली

१९८२ नंतर बरीच वर्षं पार्कमध्ये एकच नियम होता. पैसेवाला असो की वर्षभर पै-पै साठवून आलेला, सगळे एकाच रांगेत. १९९९ मध्ये डिस्नेने ‘फास्टपास’ आणला. राइडजवळच्या यंत्रात तिकीट सरकवायचं, यंत्रातून वेळेची चिठ्ठी यायची आणि त्या वेळेला परत येऊन छोट्या रांगेतून आत जायचं. यासाठी वेगळे पैसे नव्हते. पुढे ही सोय फोनवर आली, तरी फुकटच राहिली.

कोरोनाकाळात फास्टपास थांबवण्यात आला, तो परत आलाच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जागी सशुल्क योजना आली. डिस्ने वर्ल्डमध्ये सुरुवातीचा दर होता माणशी दिवसाला १५ डॉलर. आज तिचं नाव ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ आहे आणि दर पार्क व तारखेप्रमाणे बदलतो. सर्वांत नव्या, सर्वांत गाजलेल्या राइड या पासात येत नाहीत. त्यांचे पैसे प्रत्येक राइडमागे वेगळे. २०२४ च्या अखेरीस ‘प्रीमियर पास’ आला. वेळ ठरवायची गरज नाही, केव्हाही जा, प्रत्येक राइडवर एकदा रांग टाळून बसा. मॅजिक किंगडममध्ये त्याची किंमत गर्दीच्या दिवशी माणशी ४४९ डॉलरपर्यंत ठेवली गेली. आणि हे प्रवेशाच्या तिकिटाशिवाय.

देवस्थानातलं सशुल्क दर्शन ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. पण तिचं गणित मात्र पाहण्यासारखं आहे.

समजा, एक राइड तासाला २,००० माणसं बसवू शकते. हा आकडा डब्यांवर आणि रुळांवर ठरतो. रांग कशीही लावली तरी तो वाढत नाही. साध्या रांगेत १,५०० माणसं उभी आहेत. सगळ्या जागा त्यांनाच मिळाल्या तर शेवटच्या माणसाचा नंबर ४५ मिनिटांत लागेल. आता तासाच्या २,००० जागांपैकी १,४०० जागा पासवाल्यांना दिल्या. उरल्या ६००. तीच १,५०० माणसं आता अडीच तास उभी राहतील.

यावर कोणी म्हणेल की पास नसते तर ते पासवालेही याच रांगेत उभे राहिले असते, मग फरक काय पडला? फरक पडतो. पासवाल्याचं नाव एका राइडच्या यादीत असतं, त्याच वेळी तो स्वतः दुसऱ्या राइडच्या रांगेत किंवा उपाहारगृहात असतो. एक माणूस दोन ठिकाणी रांग लावतो. फास्टपास फुकट होता तेव्हा ही सोय सगळ्यांना होती, म्हणून रांगा सगळ्यांच्याच वाढत आणि सगळ्यांच्याच थोड्या टळत. आता ती फक्त पैसे भरणाऱ्यांना आहे. न भरणाऱ्याच्या वाट्याला वाढलेली रांग तेवढी येते.

त्यामुळे ‘पास घ्यायचा की नाही’ हा प्रश्न वाटतो तितका ऐच्छिक राहिलेला नाही. गर्दीच्या दिवशी नुसतं तिकीट घेऊन जाणारा माणूस १९८२ मधल्या माणसापेक्षा जास्त पैसे देऊन कमी राइड मिळवतो.

माणसं कमी, कमाई जास्त

कंपनी असं का करते? सरळ कारण मागणीचं आहे. २०२३ मध्ये एकट्या मॅजिक किंगडमला सुमारे १ कोटी ७७ लाख लोकांनी भेट दिली, म्हणजे रोज सरासरी ४८ हजार. मुंबईचं वानखेडे स्टेडियम रोज जवळपास दीड वेळा भरेल इतकी ही माणसं. जागा ठरावीक, येणारे अगणित, भाव चढणारच. २०१८ पासून तारखेप्रमाणे तिकिटाचा दर बदलतो, तोही गर्दी वर्षभर पसरावी म्हणून, असं कंपनी सांगते.

पण या स्पष्टीकरणात सगळं बसत नाही. २०१९ मध्ये याच पार्कला सुमारे २ कोटी ९ लाख लोक आले होते. म्हणजे २०२३ मधली गर्दी त्यापेक्षा कमीच. तरीही डिस्नेच्या पार्क, क्रूझ, खेळणी वगैरे व्यवसायाचा परिचालन नफा २०१९ मध्ये पावणेसात अब्ज डॉलर होता, तो २०२४ मध्ये सव्वानऊ अब्ज डॉलरवर गेला. संपूर्ण कंपनीच्या परिचालन नफ्यातला हा जवळपास ६० टक्के वाटा. मधल्या काळात डिस्नेला ओटीटी व्यवसायात मोठा तोटा होत होता आणि घराघरांतला टीव्ही व्यवसाय आटत चालला होता. घर सांभाळण्याची जबाबदारी मिकी माउसच्या किल्ल्यावर येऊन पडली.

कंपनीलाही हे कळत नाही असं नाही. मार्च २०२३ मध्ये तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी गुंतवणूकदारांसमोर मान्य केलं होतं की नफा वाढवण्याच्या उत्साहात काही किमतींबाबत आपण जरा जास्तच आक्रमक झालो असू. त्यानंतर डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांची गाडी रात्री उभी करण्याचे पैसे रद्दच राहिले, अधूनमधून सवलतीही आल्या. पण विमानतळावरून हॉटेलपर्यंतची फुकट बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली, ती बंदच आहे.

एका दिवसाचा हिशेब

आईवडील आणि ७ व ११ वर्षांची दोन मुलं असं कुटुंब धरू. साधारण गर्दीच्या दिवशी मॅजिक किंगडमचं तिकीट माणशी १७० डॉलर धरलं तर ६८० डॉलर झाले. (३ ते ९ वर्षांच्या मुलांना अगदी थोडीच सूट मिळते.) मल्टी पास माणशी ३० प्रमाणे १२०. गाडी लावायचे ३०. दोन वेळचं साधं खाणं आणि संध्याकाळचं आइस्क्रीम माणशी ४० प्रमाणे १६०. एकूण ९९० डॉलर, म्हणजे सुमारे ८७ हजार रुपये. यात हॉटेल नाही, विमान नाही, आणि मुलीला हवा असलेला राजकन्येचा झगाही नाही.

या पैशांत १२ तासांत नऊ-दहा राइड झाल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचा. बहुतेक राइड तीन ते दहा मिनिटांच्या असतात. म्हणजे राइडवर प्रत्यक्ष बसण्याचा वेळ सारा मिळून तासभर. बाकीचा वेळ चालण्यात, खाण्यात आणि रांगेत. एवढ्यावरच निकाल द्यायचा तर तो उघड आहे. पण तसं करणं अन्यायाचं होईल. मिरवणूक, रात्रीची आतषबाजी, नेटके रस्ते, प्रत्येक कोपऱ्यावर घेतलेली मेहनत हे तिकिटातच येतं आणि त्याची बरोबरी करणारी ठिकाणं जगात थोडी आहेत.

लोक त्यासाठी कर्जही काढतात. लेंडिंगट्री या अमेरिकी कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत डिस्नेला जाऊन आलेल्यांपैकी २४ टक्के लोकांनी सहलीसाठी कर्ज झाल्याचं सांगितलं. १८ वर्षांखालची मुलं असलेल्या पालकांत हे प्रमाण ४५ टक्के होतं. आणि कर्ज झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्याचा पस्तावा नव्हता. याचा अर्थ सहल पैशाला मोल देते असा लावता येईल, किंवा मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिल्यावर ‘चूक झाली’ असं कोणी म्हणत नाही, असाही लावता येईल.

मग कोणी जावं, कधी जावं?

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी उत्तर बरंचसं तारखेवर आहे. थँक्सगिव्हिंग आणि नाताळ हे सुट्टीचे सोयीचे दिवस, म्हणूनच सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचे. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत अमेरिकी शाळा सुरू झालेल्या असतात. तेव्हा तिकीट स्वस्त, रांगा छोट्या. या आठवड्यांत गणपती येतात आणि फ्लोरिडात वादळांचा हंगाम असतो, या दोन अडचणी खऱ्याच. त्यातल्या दुसरीवर उपाय म्हणजे रद्द करता येईल असंच बुकिंग करणं. पहिलीवरचा उपाय ज्याच्या-त्याच्या घरी.

मुलांचं वय तारखेइतकंच महत्त्वाचं. तिसऱ्या वर्षापासून पूर्ण दिवसाचं तिकीट लागतं, पण स्पेस माउंटन या राइडला किमान ११२ सेंटिमीटर उंची लागते आणि ट्रॉनला १२२. चार वर्षांच्या मुलाला या दोन्ही दारांवरून परत पाठवतील. (तेव्हा आईवडिलांना आळीपाळीने, दुसऱ्यांदा रांग न लावता बसता येतं. ही सोय अजून फुकट आहे.) सात ते बारा हे वय सर्वांत फायद्याचं. त्याआधी मुलाला पुढे काही आठवत नाही आणि त्यानंतर आईवडिलांबरोबर फिरायला आवडत नाही.

खाण्याचा खर्च आपल्या हातात आहे, हे अनेकांना माहीत नसतं. डिस्नेच्या पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतात; काचेची बाटली आणि दारू तेवढी चालत नाही. धपाटे, लाडू, चिवडा खुशाल न्यावा. खाण्याच्या काउंटरवर थंड पाण्याचा पेला मागितला तर फुकट मिळतो. आणि पार्क उघडण्याआधी फाटकावर हजर राहणाऱ्याला पहिल्या तासात ज्या राइड मिळतात, त्यासाठी दुपारी पास घ्यावा लागतो.

प्रीमियर पास घ्यावा असं कुटुंब विरळा. चार जणांचे त्याचे पैसे गर्दीच्या दिवशी १,८०० डॉलरच्या जवळ जातात. तेवढ्यात कमी गर्दीच्या आठवड्यात आणखी दोन दिवस राहून होईल.

महाराष्ट्रातून खास थीम पार्कसाठी जाणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे, आणि ते ऑर्लँडोच्या बाजूचं नाही. मुंबईहून तिथे थेट विमान नाही. अमेरिकी पर्यटक व्हिसासाठी माणशी १८५ डॉलर भरावे लागतात आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे जायचंच आहे आणि वाटेत दोन दिवस काढायचे आहेत, तर गोष्ट निराळी. मराठी पर्यटन कंपन्यांच्या अनेक अमेरिका सहलींतही ऑर्लँडो असतं. पण पार्कचं तिकीट समाविष्ट आहे म्हणजे लायटनिंग लेनही समाविष्ट आहे, असं नाही. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावं, कारण पार्कमध्ये एकच दिवस मिळणार असेल तर तिकिटाइतकाच फरक त्या पासाने पडतो.

१९८३ पासून सुरू असलेल्या टोकियो डिस्नेलँडची मालकी डिस्नेकडे नाही. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी ते चालवते आणि डिस्नेला रॉयल्टी देते. ऑक्टोबर २०२३ पासून तिथलं मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येन आहे, म्हणजे साधारण साडेचार ते साडेसहा हजार रुपये. रांगा तिथेही लांब असतात आणि काही राइडना रांग टाळायचे पैसे पडतात. पण तिथलं सर्वांत महागड्या दिवसाचं तिकीट ऑर्लँडोच्या सर्वांत स्वस्त तिकिटापेक्षा स्वस्त आहे.