पोटात दोन घास, मग अभ्यास

ठाणगाव, वावीकडून पहाटेच्या एसटीने सिन्नरला येणाऱ्या विद्यार्थ्याची भाकरी दुपारपर्यंत वाळून कडक होते. खोली घेऊन राहणाऱ्याला मेसचा खर्च झेपत नाही. शिकणाऱ्या मुलांच्या पोटाची काळजी नाशिक जिल्ह्याला नवी नाही. नाशिकचे उदोजी मराठा बोर्डिंग हे विद्यार्थी वसतिगृह 1914 सालचे.

आज सरकारी आधार देणाऱ्या योजनांपैकी तीन अशा: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. घर सोडून शिकणाऱ्या, वसतिगृह न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांच्या खात्यात थेट पैसे येतात. आधार योजनेत तालुक्याच्या गावी वर्षाला 38,000 रुपये. त्यांतले जेवणाचे 23,000. म्हणजे दिवसाला साधारण 63 रुपये, दोन्ही वेळचे. हे अपुरे आहे, आणि हप्ता लांबला की उधारी वाढते.

पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजनेचीही चौकशी करा. ग्रंथालयात, बागेत काम करून मानधन मिळते.

उपाशीपोटी मनही खचते. झोप उडाली, जीव घाबरा झाला, तर एकटे कुढू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते.