वॉरंटी संपलेली आलिशान एसयूव्ही घ्यावी का?

उकवा : दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तशा तिकडच्या आलिशान एसयूव्ही स्वस्तात विकायला निघाल्या. भाव ऐकून कोणीही भुलेल. पण वॉरंटी नसली की एअर सस्पेन्शन किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एकच बिल लाखांत जाऊ शकतं. बैहर रोडच्या घाटात गाडी बसली तर टोचन लावून बालाघाट, अन् पार्टसाठी नागपूर. तेवढा पैसा बाजूला ठेवता येत नसेल तर सौदा करूच नये.

सर्व्हिस रेकॉर्ड मागावं, स्कॅनर लावून एरर कोड बघावे. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावावं. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर समजून जावं. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५. एमपी-५० नंबर घेताना इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो भावात धरलेला नसतो.