पाणी नितळ होतं, तरी मासे का मेले?

आजचा भाग फिशटँकवर, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून.

कॉलेजात असताना पहिला टँक घेतला. दोनेक महिने छान चालला. मग एका रविवारी मी सगळं पाणी उपसलं, वाळू धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून साफ केला आणि थेट नळाचं पाणी भरलं. टँक लख्ख! तिसऱ्या दिवशी सहापैकी चार गप्पी मेलेले. म्हणजे माझ्या स्वच्छतेनेच त्यांना मारलं.

झालं काय? माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. स्पंजमध्ये आणि वाळूत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मी ते एका सकाळीच धुऊन टाकले. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने उरलीसुरली कसर भरून काढली. आणि अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे डोळ्यांना काही कळतच नाही.

इथे खरी झाडं कामाला येतात. अमोनिया आणि नायट्रेट हे त्यांचं खतच! सुरुवातीला हॉर्नवर्ट, व्हॅलिसनेरिया, जावा फर्न, अनुबियास घ्या. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं, जाड खोड वाळूत पुरू नका, सडतं. दोऱ्याने दगडाला बांधा. नवीन झाडाची जुनी पानं कधी कधी विरघळल्यासारखी होतात. घाबरू नका, नवा कोंब येतोय का बघा. पण सडकी पानं लगेच काढा, नाहीतर त्यांचाही अमोनियाच होणार. लाइट रोज ६ ते ८ तास पुरे. जास्त दिलात की शेवाळ आलंच.

आता माझा आठवड्याचा नेम ऐका. फक्त पाव टँक पाणी बदलतो. नवं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवतो किंवा क्लोरिन घालवणारं औषध टाकतो. स्पंज मळला असेल, तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की निश्चिंत.

तर मंडळी, टँक साफ करा, पण धुऊन काढू नका. भेटू पुढच्या भागात!