तीच गाणी, तोच क्रम?

गेल्या हिवाळ्यात सीमाभागातील आमच्या गावच्या मराठी मंडळाने भावगीतांचा एक फिरता वाद्यवृंद दुसऱ्यांदा बोलाविला. तीन वर्षांपूर्वी याच मंडळींनी याच सभागृहात कार्यक्रम केला होता, आणि तो इतका रंगला होता की पुढे कित्येक महिने घरोघरी त्याची आठवण निघत असे. साहजिकच या खेपेस बसावयास जागा उरली नाही. पहिले गीत झाले, दुसरे झाले, आणि तिसऱ्याच्या आधी आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी कानाशी लागून पुढील गीताचे नाव सांगितले. ते अचूक निघाले. चौथ्याचेही निघाले. निवेदकाने केलेल्या विनोदाचा शेवट त्यांनी निवेदकाच्या आधीच पुरा केला, तेव्हा मात्र हसावे की खंत करावी हे आम्हांला कळेना.

मध्यंतरात चहा घेताना ते म्हणाले, "मागच्या वेळचे ध्वनिमुद्रण मुलाच्या मोबाइलवर आहे. तेच लावून घरी बसलो असतो, तर थंडीत येण्याचे कष्ट वाचले असते." त्यावर लग्न होऊन नुकतीच आमच्या गावी आलेली एक तरुण सून म्हणाली, "काका, मी तर यांना पहिल्यांदाच ऐकते आहे. त्यांनी नेमकी हीच गाणी गाळली असती, तर मी काय ऐकले असते?"

दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. गावोगाव हिंडणाऱ्या कलावंतांनी गाण्यांची यादी प्रत्येक वेळी बदलावी, की जे एकदा रंगले तेच सर्वत्र सादर करावे, हा प्रश्न केवळ आमच्या मंडळापुरता नाही. पाश्चात्त्य देशांतील वाद्यवृंद आणि त्यांचे चाहते यांच्यांत तो गेली कित्येक वर्षे धगधगत आहे.

यादी न बदलण्यामागे आळसच असतो, असे समजणे अन्यायाचे होईल. मोठा वाद्यवृंद दौऱ्यावर निघतो, तेव्हा दिव्यांची उघडझाप, पडद्यावरील चित्रे, ध्वनीची पातळी, इतकेच नव्हे तर कोणत्या गिटारीच्या तारा कोणत्या सुरांत लावून हाती द्यायच्या, हे सारे गाण्यांच्या क्रमावर बेतलेले असते. गळ्याचाही हिशेब असतो. तारसप्तकातील कष्टाच्या गीतानंतर विसाव्याचे गीत ठेवावे लागते. इंग्लंडच्या पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाने 1980 आणि 1981 साली 'द वॉल' हा कार्यक्रम लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडन आणि डॉर्टमुंड या चार शहरांत केला. त्यात पूर्वार्धात गाणी चालू असतानाच पुठ्ठ्याच्या विटांची एक प्रचंड भिंत वादक आणि श्रोते यांच्यामध्ये उभी राहात असे, आणि अखेरीस ती कोसळत असे. तेथे गाण्यांचा क्रम बदलणे म्हणजे नाटकाचा तिसरा अंक पहिल्याच्या आधी करण्यासारखे झाले असते.

परंतु ठराविक यादीची दुसरी बाजूही आहे. बीटल्सची अखेरची मैफलयात्रा 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्क मैदानावर संपली. त्या दिवशी त्यांनी अकरा गाणी सुमारे अर्ध्या तासात आटोपली. त्याच महिन्यात त्यांची 'रिव्हॉल्व्हर' ही नवी तबकडी बाजारात आली होती; पण तिच्यातील एकही गाणे त्या दौऱ्यात वाजले नाही. मुद्रणगृहात रचलेले ते नवे संगीत चौघांनी रंगमंचावर उभे करणे सोपे नव्हते, आणि किंचाळणाऱ्या गर्दीत कोणाला ते ऐकूही गेले नसते. एकीकडे कलावंत पुढे निघून गेला होता, दुसरीकडे मैदानावर तो कालचीच गाणी वाजवीत होता. ही ओढाताण फार काळ टिकणारी नव्हतीच. कंटाळा केवळ श्रोत्यालाच येतो असे नाही, हे आपण ध्यानात घ्यावयास हवे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील ग्रेटफुल डेड हा वाद्यवृंद होता. 1965 ते 1995 या तीस वर्षांत त्यांनी दोन हजार तीनशेच्या आसपास कार्यक्रम केले, आणि आज कोणते गाणे कोणत्या गाण्यात मिसळेल हे बहुधा रंगमंचावरच ठरत असे. त्यांचे चाहते गावामागून गाव त्यांच्याबरोबर फिरत. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्यास मज्जाव तर नव्हताच. 1984 पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी बसण्याची वेगळी जागाच राखली जाऊ लागली. कॉर्नेल विद्यापीठात 8 मे 1977 रोजी झालेला त्यांचा कार्यक्रम असाच हस्ते परहस्ते पसरला, आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत त्याची गणना केली. मात्र या स्वातंत्र्याचीही किंमत होती. जो रोज वेगळे करू पाहतो, त्याचा एखादा दिवस फसणारच. जो श्रोता आयुष्यात एकदाच आला आणि त्याच दिवशी बैठक जमली नाही, त्याला कालच्या रात्रीची वाखाणणी ऐकून काय समाधान?

म्हणजे सारा प्रश्न अखेर, कलावंत कोणासाठी गातो, येथे येऊन ठेपतो. वारंवार येणाऱ्याला नवे हवे असते. एकदाच येणाऱ्याला ओळखीचे हवे असते. फिश या अमेरिकन वाद्यवृंदाने 2017 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा कार्यक्रम केले आणि त्यांत एकही गाणे पुन्हा गायिले नाही. ही करामत खरी, पण एकाच शहरात तेरा रात्री मुक्काम असला आणि श्रोतेही पुन्हा पुन्हा येणारे असले, तरच ती शोभते. गायिका टेलर स्विफ्ट हिने मार्च 2023 ते डिसेंबर 2024 या काळात 149 कार्यक्रमांचा जो दौरा केला, त्यात मधला मार्ग दिसतो. तीन तासांहून अधिक चालणारा तो कार्यक्रम बहुतांशी ठरलेला असे. मात्र रोज दोन जागा मोकळ्या ठेवलेल्या असत, आणि तेथे ती केवळ गिटार किंवा पियानो घेऊन आधी न सांगितलेली गाणी गात असे. त्या दोन जागांसाठी जगभरचे चाहते रात्री जागवीत.

हा मधला मार्ग आपल्याला मुळीच नवा नाही. आज बेळगाव जिल्ह्यात मोडणाऱ्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून नाटकातले पद कोठे यायचे हे संहितेने ठरवून दिलेले आहे. पण ते पद किती वेळ चालायचे, त्यात आज कोणती जागा घ्यायची, हे गायकाने आणि 'वन्स मोअर'च्या आरोळ्यांनी ठरविले. बालगंधर्वांचे तेच पद ऐकण्यास लोक पुन्हा पुन्हा जात, ते दर वेळी तसेच नसे म्हणून. ख्यालाच्या मैफलीत राग वेळेप्रमाणे आणि लहरीप्रमाणे निवडला जातो, फर्माईश येते. तरी शेवट बहुधा भैरवीने होणार, हे सर्वांस ठाऊक असते. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'त छप्पन्न गीते आहेत. एका बैठकीत ती सारी बसणे शक्य नाही. म्हणून गायक निवड करतो. निवड बदलू शकते, पण रामजन्माच्या आधी वनवास येऊ शकत नाही. सांगाडा कायम आणि त्याच्या पोटात मोकळीक, ही आपली जुनीच रीत होय.

आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील गावांना या प्रश्नाची झळ अधिक लागते. पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला एक कार्यक्रम फसला तर दुसरा मिळतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील कुटुंबांना असा योग क्वचितच येतो, आणि मुलांच्या कानांवर चांगले मराठी गाणे समक्ष पडण्याची ती एक मोठी संधी असते. म्हणूनच दोष सर्वस्वी कलावंतांवर टाकून आम्हांला मोकळे होता येणार नाही. आपल्या मंडळांनी मागील कार्यक्रमाची यादी जपून ठेवावी आणि निमंत्रणाबरोबर ती पाठवावी. गावात कोणती गाणी पोहोचली आहेत, कोणती ऐकण्याची इच्छा आहे, हे चार ओळींत कळवावे. दोन-तीन जागा मोकळ्या ठेवण्याची विनंती करावी. कलावंतांनीही, ज्या गीतांसाठी लोक येतात ती गाळण्यात नावीन्य मानू नये. मात्र निवेदकाचे विनोद तरी दर फेरीस बदलावेत!

त्या रात्रीची हकीकत सांगावयाची राहिली. मध्यंतरानंतर त्या वृद्ध गृहस्थांनी एका चिठ्ठीवर एका जुन्या नाट्यपदाचे नाव लिहून रंगमंचावर पाठविले. गायिकेने चिठ्ठी वाचून संवादिनीवाल्यांकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली, पण इतर वादकांची तयारी नव्हती. म्हणून केवळ संवादिनी आणि तबला यांच्या साथीने ती गाऊ लागली. दुसऱ्या कडव्यात शब्द अडखळले, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी बसल्या जागेवरून ते पुरविले, आणि गायिकेने हसून ते उचलले. समोर बसलेली ती सून मागे वळून पाहू लागली. पद संपताच टाळ्या झाल्या, आणि मग वाद्यवृंद पुन्हा आपल्या यादीकडे वळला. पुढचे गीत कोणते, हे शेजारच्या गृहस्थांनी आम्हांला यानंतर सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.